नाल्यापलीकडची चिंच

१८ नोव्हेंबर २०२३

आज परत तिकडेच. सगळीच्या सगळी. दिवस बुडाला आणि अमिनाबीच्या चिंचेवरून काळं काळं सुटलं, शाळा सुटते तसं. माझ्या वडावर पान हललं नाही.

महिना होत आला. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही वटवाघळं आमच्याच वडावर होती. आता नाला ओलांडून पलीकडे जायला त्यांना काय झालं?

तिच्या अंगणात खाट टाकलेली असते. खाटेवर उशीला टेकून रहमतभाई. पायथ्याशी ती. दोघं वर बघत बसतात आणि मी इकडून त्यांना बघते. वडाखाली आमच्या यांच्या नावाचा सौरदिवा लागला की मी उजेडात असते, ती दोघं अंधारात.

२० नोव्हेंबर

हे एस.टी.त कंडक्टर होते. दिग्रस-पुसद, दिग्रस-महागाव, सारी नोकरी त्याच रस्त्यांवर. रिटायर झाले, माणसं मोजायची राहिली, तर वाघळं मोजायला लागले. संध्याकाळी वडासमोर खुर्ची टाकायची. दहा उडाली की हे म्हणायचे, दहा. मी वाटीत एक सरकी टाकायची. यांची मान वर, माझी खाली. शेवटचं उडालं की म्हणायचे — डबल! दोन घंट्या, गाडी सोडा. मग आम्ही घरात जायचो, सरक्या मोजायचो, हे कॅलेंडरवर आकडा टाकायचे.

हे एकटीचं काम नाही. वर बघितलं तर सरकी राहते. वाटीत बघितलं तर वीस-तीस निघून जातात. मागच्या वर्षी दसऱ्याआधी हे गेले, तेव्हापासून माझा आकडा अर्धवटच. पण अर्धवट मोजायला होती तरी.

२६ नोव्हेंबर

शेजारची विमलताई कापूस वेचून येताना थांबली. "बरं झालं गेली ते. घरापाशी वाघूळ लटकणं चांगलं नसते, वहिनी. भाऊजी गेले तवाच जायले पायजे होती."

मी आत जायला वळले, तर ती पुढे म्हणाली,

"आता तिकडं गेली, तर पाह्य आता रहमतभाईचं काय होते."

तोंड सांभाळ, म्हटलं. म्हटलं खरं. पण ते बोलणं दिवसभर जिभेवर चिंचेसारखं राहिलं. थुंकावंसं वाटलं नाही.

३ डिसेंबर

थंडी. पंख अंगाभोवती गुंडाळून लटकतात. तिच्याकडे.

१७ डिसेंबर

चक्की नाल्याच्या पलीकडे आहे. दळण घेऊन येताना उशीर झाला आणि तिच्या कुडाला लागूनच यावं लागलं. नेमकी त्याच वेळी वाघळं सुटली होती.

पोळ्याच्या सुमारास रहमतभाईंना लकवा मारला, उजवं अंग गेलं, वाचा गेली, हे गावाला माहीत आहे. मी तेव्हा जाऊन आले होते. पण असं पाहिलं नव्हतं. ते वर बघतात. दहा झाली की डावा पंजा दोनदा उघडतात. ती तसबीहचा एक मणी सरकवते. बोलणं नाही, काही नाही. पंजा, मणी. पंजा, मणी.

आमचंच. सरकीच्या जागी मणी, एवढाच फरक.

मी कुडाला लागून उभी राहिले. चिंच रिकामी झाली आणि रहमतभाई बोलले. स्पष्ट बोलले. "डबल!"

पिठाचा डबा कमरेवरून सुटता सुटता राहिला. ती हसली आणि त्यांच्या अंगावर गोधडी ओढली.

तो शब्द आमच्या घरचा आहे. वाघळं नेली, शब्दही नेला. आणि खाटेवर माणूसही आहे.

१८ डिसेंबर

झोप नाही. दुसऱ्याचा नवरा जिवंत आहे याचा राग येणं, याला काय म्हणतात? वाचनालयातल्या कोणत्याच पुस्तकात सापडलं नाही. असेल तर लोक लिहीत नसतील.

८ जानेवारी २०२४

दिग्रसच्या बाजारातून केळ्यांची फणी आणली. पेरू आणले. काठीनं वडाच्या खालच्या फांद्यांना बांधले. वाघळं फळावर येतात, हे तर लेकरालाही माहीत.

९ जानेवारी

सकाळी वांदरांची टोळी आली. सारं खाल्लं, सालं माझ्या अंगणात टाकली, वरून एकानं छपराचं कवेलू फोडलं.

विमलताई भिंतीला धरून हसत होती. "वाघळाईले पंगत अन् जेवले वांदरं!"

गावभर झालं असेल आता.

२ फेब्रुवारी

अंकुरचा पुण्याहून फोन. "आई, दिवा बरोबर लागते ना?"

लागतो. संध्याकाळ झाली की आपला आपणच लागतो. बाबांच्या वर्षश्राद्धाला त्यानं खांब रोवून बसवला, पगारातून. खाली पाटी — कै. मारोतराव काळबांडे यांच्या स्मरणार्थ. अंधार पडला की वडाखाली तेवढं नाव दिसतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. यांनी बसच्या पाट्यांवरून शिकवलं. दिग्रस. मग पुसद. मग महागाव, त्यातला ह मला फार दिवस जमला नाही. 'मार्गे' हा शब्द आला तेव्हा म्हणाले, आता कुठंही जाशील. त्या शिकण्यातून शेवटी ही पाटी वाचायची होती.

दिवा चांगला आहे. अंकुरला तसंच सांगितलं. वाघळांचं सांगितलं नाही.

२४ मार्च

मोह फुलला. सारा नाला वासानं भरलाय.

तिच्या चिंचेवरून निघणारी वाघळं आता जड उडतात. पिल्लं झाली. आईच्या छातीला चिकटलेली, आईबरोबरच जातात. आमच्याकडे असताना हे पिल्लासकट एकच धरायचे. मी म्हणायची, दोन झाले ना. तर म्हणायचे, "मांडीवरच्या लेकराचं तिकीट नसते."

तिकडच्या दोघांना कोणी सांगितलं असेल का हे? तिचा आकडा चुकत असेल. चुकत असो.

१९ एप्रिल

ऊन. आज नुसतं ऊन लिहिते.

७ मे

दुपारी नाल्यापलीकडून आवाज यायला लागला. चिरका, लेकरं रडल्यासारखा. दारातून पाहिलं तर चिंचेवर सगळी पंखांनी वारा घेत होती. झाड नुसतं हलत होतं. मग एक पडलं. मग दुसरं.

मनात आलं — बरं झालं. माझ्या वडाची सावली दाट आहे, खाली ओल आहे. गेलात ना सोडून?

हे लिहून ठेवते. दुसरीकडे कुठे ठेवू?

मग अमिनाबी दिसली. भर उन्हात, डोक्यावर ओढणी, लोट्यानं वर पाणी फेकत होती. पाणी फांदीपर्यंत पोचत नव्हतं. लाइट गेलेली, मोटार बंद. लोट्यानं काय होतं?

मी कळशी उचलली. नाल्यात पाणी नाही, वाळू पायाला भाजत होती. का गेले, सांगता येत नाही. त्या आवाजामुळे गेले.

तिनं पाहिलं. "या भाबी. लई दिवसानं इकडं पाय लागले."

"चक्कीवर येते की मी."

"चक्की इकडं, अन् माझं घर काय यवतमाळले हाये का?"

मी म्हटलं, यांचा फवारणीचा पंप आणते, वरपर्यंत जाईल पाणी. तर तिनं माझा हात धरला. "पंप नोको. दहादा धुतला तरी औषध जात नाही त्याच्यातलं. यायले गारवा द्याचा का मारून टाकाचं?" ते मला सुचायला हवं होतं. आमच्या घरात कापसाची फवारणी काय आजची आहे?

मग दोघींनी बारदाना भिजवला, शिडी लावून खालच्या फांद्यांवर टाकला. खाली पाणी शिंपडलं. काही वाघळं खाली सरकली, ओल्या पोत्याला चिकटून चाटायला लागली. रहमतभाई दारातून डाव्या हातानं दाखवत होते, इकडे, तिकडे, ते बघा. मुकादमासारखे. अमिनाबी म्हणाली, "पाहा, खाटेवरूनबी हुकूम सोडतात."

ऊन उतरलं तेव्हा आम्ही ओट्यावर बसलो. तिनं पाणी दिलं. मी विचारलंच. म्हटलं, अमिनाबी, तू काय घालतेस त्यांना? माझ्याकडून इकडे कशी आली?

तिनं लोटा खाली ठेवला.

"मी कायले घालू? मले तर वाटलं तुमाले नकोच झाली ते. भाऊ गेले, मंग तुम्ही तो दिवा लावला. दिवा लागला अन् त्याच हप्त्यात सारे इकडं. मी यायले म्हटलं, भाबीनं पाखरं हाकलली. दुःखात माणूस हाकलते. म्हणून मी कधी बोलली नाही."

"दिव्यानं?"

"अंधाराचे जीव ते. अंधारात जातात, अंधारात येतात. साऱ्या गावाले दिसंल अशा उजेडात कोण घरी येईल, भाबी?"

ती बोलत राहिली. लकवा मारला तेव्हा रहमतभाईंचा आवाज पार बंद होता. एक दिवस वाघळं उडून संपली आणि ते म्हणाले, डबल. "मी रडली. भाऊचा शब्द. दिग्रसचं गॅरेज बंद करून हे शेवटच्या गाडीनं येत ना, तवा भाऊ म्हणत, रहमत, मार डबल. घंटीची दोरी हेच ओढत. आता एवढाच एक शब्द हाये यायच्याजवळ. रोज एकदा."

घरी आले तेव्हा खांद्यावर तिचं ओलं पोतं होतं. द्यायचं राहून गेलं.

८ मे

खोटं बोलते ती.

९ मे

संध्याकाळपासून वडाखाली बसले. दिवा लागला. आज पहिल्यांदा मी पाटी सोडून वर बघितलं. पानांची खालची बाजू पांढरी पडली होती. एक एक फांदी दिसत होती, पारंब्या मोजता येत होत्या. बाहेर रात्र आणि वडाच्या पोटात दुपार.

खोटं नाही बोलत.

यांना जे आवडायचं ते यांच्याच नावानं हाकललं आम्ही. मी आणि अंकुरनं. नारळ फोडून.

२१ मे

दिवा झाकला तर नाव झाकलं जातं. उघडा ठेवला तर वड रिकामा.

हे असते तर म्हणाले असते, पाटी कायले पायजे, गाडी तर आपलीच आहे. पण असते तर पाटीच नसती.

६ जून

शिडी लावली. अमिनाबीचं पोतं दिव्यावर चढवलं, सुतळीनं बांधलं. विमलताईनं विचारलं तर सांगितलं, पाणी जाते आत.

संध्याकाळी अंगणात अंधार. इतक्या दिवसांनी. नाव वाचता आलं नाही. हात लावून बघितलं, अक्षरं बोटाला लागली.

१५ जून

अंकुरनं व्हिडिओ कॉल केला. "आई, मागं अंधार काहून आहे? दिवा बंद पडला का?"

"आभाळ आहे रे. ऊन नाही तर तो काय लागंल?"

"कंपनीवाल्याले फोन करू का?"

"नोको करू."

दिवा मीच झाकला म्हटलं असतं तर त्याचा चेहरा उतरला असता. वाघळांचं सांगितलं असतं तर हसला असता. मी दोन्ही टाळलं.

२८ जुलै

नाही.

१५ ऑगस्ट

नाही. पिल्लं आता आपली आपण उडतात. तिच्या चिंचेवरून. त्यांना हा वड माहीतच नाही, त्यांच्यासाठी घर तेच.

९ सप्टेंबर

चक्कीवरून येताना परत पंजा, मणी. थांबले नाही. अमिनाबीनं हाक मारली, "भाबी, चहा!" म्हटलं, गॅसवर दूध ठेवून आले.

दूध नव्हतं ठेवलं.

१९ ऑक्टोबर

वडाला फळं आलीत, लालबुंद. आज पहाटे झाडायला निघाले तर खाली बिया आणि चोथा. वर बघितलं.

अकरा.

शेंड्याजवळ, एका ओळीत. मी झाडणी टाकली आणि तिथंच मातीत बसले.

२४ ऑक्टोबर

शंभरावर. तिकडची चिंच विरळ झाली. कालपर्यंत काळी दिसायची, आता मधून आभाळ दिसतं.

२७ ऑक्टोबर

सगळी आली. तिकडे एकही नाही.

आज मोजलं. वाटी घेतली नाही. सरकी डाव्या मुठीत, पदराचा ओचा मांडीवर उघडा. मान वरच ठेवायची आणि दहा झाली की अंगठ्यानं एक सरकी ओच्यात ढकलायची. बघायचं नाही. हे दोन वर्षांत सुचलं नव्हतं. पहिल्यांदा एकटीनं पूर्ण मोजलं. एकेचाळीस सरक्या, वर सहा.

शेवटचं उडालं. मी उभी राहिले आणि म्हटलं — डबल!

हळू म्हणता आलं असतं. मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. नाल्यापलीकडे ऐकू जावं म्हणून.

लई बरं वाटलं.

२ नोव्हेंबर २०२४

फराळ द्यायला तिच्याकडे गेले. दरवर्षी हे नेऊन द्यायचे, मागची दोन वर्षं गेलाच नाही. यंदा मी नेला. फराळासाठीच गेले असं नाही. तिचं रिकामं झाड जवळून बघायचं होतं.

अंगणात खाट नव्हती.

"आत घेतली," अमिनाबी म्हणाली. "बाहीर काय पाहाचं आता?"

रहमतभाई आत होते. भिंतीकडे तोंड करून. मी हाक मारली, भाऊ, करंजी आणली. वळले नाहीत. झोपलेले नव्हते. डावा हात गोधडीवर उघडा पडला होता.

ती मला ओट्यावर घेऊन आली. आवाज खाली करून बोलली. "त्या दिवशी तुम्ही डबल म्हटलं ना, यायनं ऐकलं. हसले. मले खुणेनं विचारलं, कोण? मी म्हटलं, भाबी. मंग चिंचेकडं पाह्यलं. मंग मले खुणेनंच म्हणे, आत ने. तवापासून तो शब्दबी नाही."

मला वाटलं आता ती मला बोलेल. मी तयार होते. भांडायला मुद्दे होते माझ्याकडे.

ती म्हणाली, "तुमचीच होती भाबी पाखरं. आपल्या घरी गेली. त्यात काय."

आणि डब्यात शेवया भरून दिल्या. रिकामा डबा कसा देऊ, म्हणाली.

३ नोव्हेंबर

माझा काय दोष? मी झाडाला सांगितलं का, वाघळांना बोलावलं का? फक्त एक पोतं बांधलं.

तिच्याकडे माणूस आहे. त्याला उठवता येतं, भरवता येतं, रागवता येतं. मला एवढंच हवं होतं. माणूस आणि वाघळं, दोन्ही एकाच घरी कशाला?

५ नोव्हेंबर

मोजलं. चारशेच्या वर. सरकी बरोबर पडते आता, हात बसला.

डबल म्हटलं नाही. तोंडाशी आलं होतं.

८ नोव्हेंबर

चक्कीवर अमिनाबी भेटली. तसबीह गळ्यात होती, मणी तिथल्या तिथे. मी विचारलं, भाऊ? तिनं पिठाचा डबा कमरेवर घेतला. मग म्हणाली, "जेवतात. तेवढंच."

मी तिच्याकडे ज्या डोळ्यांनी वर्षभर बघत होते, ते डोळे आज कुठे ठेवावेत कळेना. तिचाही माणूस आता भिंतीकडे बघतो. म्हणजे आम्ही सारख्या झालो. हेच तर मागत होते मी.

मागितलेलं मिळालं की इतकं बेचव लागतं, हे कोणी सांगत नाही.

९ नोव्हेंबर

आज मोजली नाही. नुसती बघितली. छातीशी पिल्लू असलेली कोणती, एकटी कोणती, ते आता कळत नाही. सगळी मोठी झाली.

११ नोव्हेंबर

शिडी लावून पोतं सोडलं. अंधार पडला तसा दिवा लागला. आपला आपणच. वाघळं बाहेर गेली होती. परत येतील आणि वडात दुपार बघतील. दोन दिवस, चार दिवस घुटमळतील. मग इथं दुसरं मोठं झाड एकच आहे.

अंकुरला फोनवर दाखवला. "वा! लागला का? बरं केलं आई. बाबांसाठी."

मी हो म्हटलं.

पोतं धुऊन दोरीवर टाकलंय, तिचं आहे. नाल्यापलीकडे अंधार आहे. दाट, चांगला.